एकावर एक दोन रिंगा

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सुभेदारांचा फोन आला. एरवी हा माणूस आधी ‘राम राम मिस्त्री’ म्हणतो, घरची विचारपूस करतो आणि मग कामाचं बोलतो. त्या दिवशी थेट म्हणाले, “यवतेश्वरच्या घाटात गाडी बसली. तांबडा दिवा लागला, टकटक आवाज आला आणि बंदच पडली. आता सेल्फ मारला की नुसतं टक वाजतंय.”

“किती वेळा मारला?”

“दोनदा.”

“आता हात लावू नका. किल्ली काढून खिशात ठेवा. मी निघालोच.”

साताऱ्यात वाढे फाट्याजवळ माझं गॅरेज आहे, त्याला 27 वर्षं झाली. सुभेदार अपशिंगे मिलिटरीचे. गाडी 1.2 लिटरची पेट्रोल, नऊ वर्षांची, 74 हजार किलोमीटर चाललेली. पहिल्या दिवसापासून तिचं सगळं काम माझ्याकडेच होतं. फक्त ही एक सर्व्हिसिंग चुकली. पालच्या खंडोबाच्या यात्रेला मी चार दिवस गॅरेज बंद ठेवून गेलो होतो, आणि सुभेदारांना बामणोलीला पुतणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. लांब जायचं तर ऑइल बदलूनच जायचं, हा त्यांचा नियम. म्हणून त्यांनी गाडी शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरला दिली. दीड तासात सगळं करून मिळालं, बिलही व्यवस्थित मिळालं.

गॅरेजमधल्या पोराला मागे बसवून स्कूटरवर निघालो. समर्थ मंदिरावरून घाट चढायला लागलो आणि थोडं वर गेल्यावर एका वळणाच्या अलीकडे रस्त्यावर काळा पट्टा दिसायला लागला. जानेवारीतली सकाळ, रस्ता दवाने आधीच ओला, त्यावर ऑइल. आमच्यासमोर कासच्या अंगाने एक दूधवाला खाली येत होता, दोन्ही बाजूंना किटल्या लावलेल्या. वळणावर त्याचं मागचं चाक सरकलं. पाय टेकवून त्याने कशीबशी गाडी सावरली, पण एका किटलीतलं दूध हिंदकळून रस्त्यावर आलं. गाडी नंतर बघू म्हटलं. पोराला तिथे उभं केलं, रस्त्याकडेची माती सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात भरभरून त्या वळणावर टाकली. अर्धा तास गेला. सुभेदार वर वाट बघत होते, पण त्यांना फोनवर सांगितलं तर तेच म्हणाले, “आधी रस्ता बघा.”

मग स्कूटरचं मीटर बघून पट्टा मोजला. पहिल्या डागापासून गाडीपर्यंत 1.1 किलोमीटर. त्यातला पहिला सहा-सातशे मीटरचा पट्टा हातभर रुंद, पुढे तो बारीक होत गेला आणि शेवटी नुसते थेंब. गाडी कठड्याच्या कडेला, मागच्या चाकाला दगड लावून उभी. वहिनी नऊवारीत कठड्यावर बसलेल्या, मांडीवर आहेराची पिशवी. बॉनेट उघडलं तर जळक्या ऑइलचा वास अजून येत होता. सायलेन्सरच्या पाइपावर ऑइल पडून धूर झाला होता. गरम पाइपावर सांडलेल्या ऑइलने गाड्या पेटतात, त्या दिवशी तेवढं टळलं.

इंजिनातलं ऑइल बघायची पट्टी, म्हणजे गेज ओढली. कोरडी. पुसून परत घातली, परत कोरडी.

“शनिवारी संध्याकाळी मी स्वतः बघितलंय,” सुभेदार म्हणाले आणि शर्टाच्या खिशातून छोटी वही काढली. तारीख, किलोमीटर, ‘ऑइल वरच्या खुणेला, रंग स्वच्छ’. सर्व्हिसिंगनंतर गाडी 41 किलोमीटर चालली होती, सगळी गावातल्या गावात. फौजेतली सवय. पुढे ही वही फार कामाला आली.

खाली वाकून बॅटरी मारली. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा नट घट्ट, वॉशर नवा, तिथे गळतीचा मागमूस नाही. ऑइल आलं होतं फिल्टरच्या बुडख्यातून, म्हणजे जिथे तो इंजिनाला बसतो तिथून. एका बाजूने रबराची काळी कड जिभेसारखी बाहेर लोंबत होती. ती बघितली आणि काय झालं ते मला तिथेच समजलं. मी हात मागे घेतला.

पोरगा म्हणाला, “मामा, फिल्टर काढू का?”

“कोणीही हात लावायचा नाही.”

ही गोष्ट मी गॅरेजमधल्या प्रत्येक पोराला सांगतो. फिल्टर एकदा उतरला की काय घडलं होतं ते फक्त आपल्या तोंडी राहतं, आणि आपलं तोंड समोरच्याने का मानावं? मोबाइलवर फोटो काढले, व्हिडिओ काढला, मीटरचा आकडा त्यात आला. मग सुभेदारांच्या मुलाचा पुण्याहून फोन, “दोरीने टोचन करून खाली आणा, क्रेनचे पैसे कशाला?” त्याला नीट समजावलं. इंजिन बंद असताना ब्रेकला व्हॅक्यूम मिळत नाही, पेडल दगडासारखं होतं, स्टेअरिंग जड होतं. घाटात उतरताना अशी गाडी दोरीला बांधणं म्हणजे जिवाशी खेळ. गाडी पाठीवर घेणारं वाहन मागवलं. सुभेदार आणि वहिनी मिळालेल्या वडापच्या जीपने बामणोलीला गेले, साखरपुडा काही थांबणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सर्व्हिस सेंटरचे मालक, त्यांचा सुपरवायझर आणि ज्याने काम केलं तो मुलगा, तिघे आले. फोन करताना मी एवढंच म्हटलं होतं, की फिल्टरला मी पाना लावलेला नाही, तुमच्यासमोरच लावणार आहे. सुपरवायझरने आल्या आल्या सुरुवात केली. “तांबडा दिवा लागल्यावर गाडी ओढलीय यांनी. दिवा लागला की थांबायचं असतं.”

त्याचं वाक्य खरं आहे, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणं गरजेचं होतं. तो दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही. तो दाब गेला की लागतो, आणि तोही दाब जवळजवळ संपल्यावर. क्रँक म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा. तो आणि त्याला धरणारं बेअरिंग यांच्यामध्ये जी जागा असते ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात, तीन, चार, पाच भाग, आपल्या केसाहूनही बारीक. त्या जागेत पंप दाबाने ऑइल घालतो आणि क्रँक त्या ऑइलवर तरंगत फिरतो, लोखंडाला लोखंड लागत नाही. दिवा लागला म्हणजे तो पडदा फाटला. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ताणलेलं असताना पुढे उरतात काही सेकंद. सुभेदारांना दिवा जिथे दिसला तिथे एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मागे एसटी होती. तिथून साधारण अडीचशे मीटरवर त्यांना जागा मिळाली. चढणीच्या वेगाने ते अंतर पंचवीस-तीस सेकंदांचं. त्या वळणावर मी तरी कुठे थांबलो असतो? मी त्या तिघांना घाटातला व्हिडिओ दाखवला, पट्टा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते दाखवलं. ऑइल त्याआधीच रस्त्यावर सांडून गेलं होतं.

मग गाडी रॅम्पवर घेतली. सुभेदारांच्या भाच्याने मोबाइल धरला. मी त्या मुलाला म्हटलं, “तूच काढ.”

मुलगा एकोणीस-वीसचा असेल. फिल्टर हाताने सुटला. फिल्टरच्या तोंडावर नवी रिंग होती, मऊ, ओली, एका बाजूला ताणून चिरलेली. “आता इंजिनावर बोट फिरव,” मी म्हणालो. फिल्टर बसतो त्या गोल बैठकीवर त्याने बोट फिरवलं आणि अर्ध्यात थांबला. नखाने एक कड उचलली. तिथून दुसरी रिंग निघाली, चपटी, कडक झालेली, काळी. जुन्या फिल्टरची. उष्णतेने ती बैठकीला चिकटून राहिली होती आणि नवा फिल्टर तिच्यावरच आवळला गेला होता.

शॉपमध्ये कोणी बोललं नाही.

हे घडतं कसं, तेही लिहायला हवं, कारण कार चालवणाऱ्या पुष्कळ लोकांना हे माहीत नसतं. जुना फिल्टर काढला की त्याची रबर रिंग त्याच्यासोबत यायला हवी. कधी ती मागे राहते. वरून नवा फिल्टर लावला तर एका रिंगसाठी केलेल्या जागेत दोन रिंगा बसतात. हाताला घट्ट लागतं, इंजिन चालू केल्यावर थेंबही गळत नाही. गावात हळू फिरवली तर दोन-चार दिवस काहीच कळत नाही. मग एखाद्या गार सकाळी, ऑइल दाट असताना, इंजिनावर ताण आला की दाब चढतो. खालची बैठक घट्ट नसलेली बाहेरची रिंग बाजूला फेकली जाते आणि पंप साडेतीन लिटर ऑइल मिनिट-दीड मिनिटात रस्त्यावर ओततो. टाळायला एक फडकं आणि दहा सेकंद लागतात. जुन्या फिल्टरवर रिंग आहे का बघायचं, बैठक पुसायची, नव्या रिंगेला ऑइलचं बोट लावायचं, रिंग टेकल्यावर हाताने पाऊण फेरा.

मालकांनी मुलाला विचारलं तेव्हा तो खाली बघून म्हणाला, “फिल्टर काढला आणि मला वॉशिंगवरची गाडी काढायला हाक मारली. परत आलो आणि थेट नवा लावला.” त्या शनिवारी त्यांच्याकडे अकरा गाड्या होत्या. मी मालकांकडे बघितलं. माझ्या मते चूक मुलाच्या हाताने झाली, पण अर्ध्या कामातून त्याला उठवणारा दुसराच होता, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही, तरी त्यांनी ऐकून घेतलं.

चेंबर उतरवला. तळाशी कपभर काळं पाणी झालेलं ऑइल आणि त्यात चमकी, जरीच्या काठासारखी. ती बेअरिंगची झीज. तिसऱ्या सिलिंडरच्या रॉडची टोपी खोलली तर बेअरिंगच्या दोन्ही शेल, म्हणजे अर्धगोल पट्ट्या, जागेवरून फिरून एकमेकींवर चढलेल्या, पातळ पत्र्यासारख्या. क्रँकची पिन निळी-जांभळी पडलेली. नखाला चरे लागत होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंगचं काम करणारे माझे एक जुने परिचित आहेत, त्यांना फोटो पाठवला. त्यांचा निरोप एका ओळीचा होता: पिन निळी पडली, आता घासू नका, नवा टाका. मीही त्याच मताचा होतो. सिलिंडर नशिबाने वाचले होते.

खर्चाचा अंदाज 71 हजार रुपये निघाला. सुभेदारांच्या मुलाला वाटत होतं की विमा आहे. विम्यात हे बसत नाही. अपघात, चोरी, आग यांना विमा असतो, यांत्रिक बिघाड पॉलिसीत वगळलेला असतो. आमच्या शेजारचे वकील संध्याकाळी चहाला येतात, त्यांनी दुसरा रस्ता सांगितला. पैसे घेऊन केलेली सेवा सदोष असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. मात्र सर्व्हिसिंगचं बिल, फोटो, सुटे भाग सगळं जपून हवं. सुभेदारांकडे बिल होतं, वही होती. माझ्याकडे दोन्ही रिंगा, फिल्टर आणि शेल पिशवीत घालून, वर तारीख लिहून ठेवलेल्या होत्या.

तक्रारीपर्यंत गेलं नाही. मालक तिसऱ्या दिवशी एकटेच आले. क्रँक, बेअरिंग, रॉड, पॅकिंग सेट, ऑइल पंप, सगळ्या मालाचे पैसे आणि क्रेनचं भाडं त्यांनी दिलं. मजुरी मी निम्मी घेतली. सुभेदारांनी एकच अट घातली, तीही लेखी, की त्या मुलाच्या पगारातून हे पैसे कापायचे नाहीत. मालकांनी सही केली.

इंजिन बांधायला सहा दिवस लागले. ऑइलच्या प्रत्येक वाटेत ब्रश फिरवला, हवा मारली, कारण चमकीचा एक कण राहिला तर नवा बेअरिंगही जाईल. चालू करायच्या दिवशी फिल्टर आधी ऑइलने भरला, प्लग काढले, पेट्रोलचा पुरवठा बंद केला आणि नुसता सेल्फ फिरवला. सुभेदार गाडीत बसून मीटरकडे बघत होते. पाच सेकंद, विसावा, परत पाच सेकंद. चौथ्या वेळी ते म्हणाले, “गेला.” तांबडा दिवा विझला होता. मग प्लग बसवले.

हजार किलोमीटरनंतर ऑइल बदलायला या असं सांगितलं होतं. ते 998 ला आले. मी जुना फिल्टर काढल्यावर त्यांनी हात पुढे केला, फिल्टर उलटा करून रिंग बघितली, मग रॅम्पखाली वाकून बैठकीवर स्वतःचं बोट फिरवलं. हात फडक्याला पुसला, वही काढली आणि किलोमीटरखाली लिहिलं: ‘जुनी रिंग निघाली. पाहिली.’