नव्व्याण्णवांजवळ कोण थांबलं?

पाचगणीत मे महिन्यात मुलांचं शिबिर घ्यायचं तर वेळापत्रक आभाळाकडे बघून लावावं लागतं. दुपारी तीननंतर वळीव कधी येईल सांगता येत नाही. म्हणून टेबललँडची फेरी सकाळी साडेसहाला निघून नऊच्या आत परत. जांभ्याचं ते पठार उघडंबोडकं आहे, वर वीज कडाडली तर आडोसा कुठेच नाही. दुपारी बायबलचा धडा आणि हस्तकला, मग मैदानी खेळ, रात्री शेकोटी. शिबिराच्या तिसऱ्या दिवशी मात्र पावणेपाचलाच महाबळेश्वरच्या बाजूनं आभाळ काळं झालं.

वीज दिसली की गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीसच्या आत आवाज आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मैदान तिथल्या तिथे रिकामं करायचं. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण अर्धा तास कुणीही बाहेर पडायचं नाही. त्या दिवशी बावीस मोजून झाले आणि आवाज आला. तीन लांब शिट्ट्या वाजल्या.

पावसाचा पहिला थेंब पडला की मुलं हमखास जवळच्या झाडाखाली धावतात, आणि विजेच्या वेळी तीच सगळ्यांत वाईट जागा. सांगून हे थांबत नाही. पहिल्याच दिवशी ऊन असताना शिट्टी वाजवून सभागृहापर्यंत पळण्याचा सराव घ्यावा लागतो. प्रत्येक मुलाला एक जोडीदार असतो आणि गटात एक क्रमांक. आत आल्यावर मुलांनी आपापला क्रमांक ओरडायचा आणि जोडीदाराचा हात वर धरायचा. नुसता क्रमांक पुरत नाही, कारण मित्राच्या वतीनं ओरडणारी मुलं असतात. हात मात्र दुसऱ्याचा दाखवता येत नाही. चौसष्ट मुलं, आठ गट. सगळी आत आली, मोजणी जुळली, आणि दोन मिनिटांत गारा सुरू झाल्या. गारा वेचायला बाहेर जायची परवानगी सगळ्यांनाच हवी होती. ती मिळणार नव्हती. खिडक्यांचे गज आणि नळ यांपासून मुलांना लांब बसवलं, आंघोळी बंद केल्या. तेवढ्यात वीजपुरवठा गेला.

अंधार झाला की घरची आठवण येते. एक आठ वर्षांची मुलगी रडू लागली आणि तिचं बघून आणखी तिघी. अशा वेळी ‘रडू नको’ म्हणायचं नाही आणि घरी फोन लावून द्यायचा नाही. आईचा आवाज ऐकला की रडं दुप्पट होतं, हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. सर्वांत मोठा घोळ घरूनच झालेला असतो. ‘नाही करमलं तर पप्पा येऊन घेऊन जातील’ असं सांगून पाठवलेलं मूल पहिल्या तासापासून पप्पांची वाट बघत असतं. म्हणून संमतीपत्र भरून घेताना आम्ही पालकांना हे वाक्य टाळायला आवर्जून सांगतो. रडणाऱ्या मुलाला काम द्यावं. त्या मुलीला टॉर्च दिला, पाण्यानं भरलेल्या बाटल्या दिल्या. पेटता टॉर्च सरळ उभा ठेवून त्यावर बाटली ठेवली की उजेड सगळीकडे पसरतो. तिनं आठ गटांसाठी आठ दिवे लावले. पाचव्या दिव्यापर्यंत हुंदके थांबले होते.

शेकोटीचं लाकूड भिजलेलं, अंधारात चपात्या लाटणं अवघड. स्वयंपाकाच्या मावशींनी बेत बदलला: पाच किलो तांदूळ, अडीच किलो मुगाची डाळ, सगळ्यांपुरती खिचडी गॅसवर. ती शिजेपर्यंतचा वेळ आम्हाला भरून काढायचा होता.

धडा बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला होता, हरवलेल्या मेंढराचा. फलकावर चित्रं लावणं आता शक्य नव्हतं. प्रत्येक गटापुढे चादर पसरून तीवर चिंचोके ओतले. खरं तर ९९, पण मुलांना सांगितलं शंभर. मोजा. बाटलीच्या उजेडात दहा-दहाचे ढीग लागले. एक कमी भरला की पुन्हा मोजणी, मग चादर झटकणं, मग एकमेकांचे खिसे. हात गुंतले की कान मोकळे होतात. गोष्ट तेव्हा सांगावी. शंभरातलं एक हरवलं, आणि मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून त्याला शोधायला गेला.

पारनेरकडच्या एका मुलानं हात वर केला. त्याच्या गावच्या माळावर धनगरांचे वाडे उतरतात. “ताई, मग त्या नव्व्याण्णवांजवळ कोण थांबलं? रात्री लांडगा येतो की.”

मी उत्तर देण्याआधीच त्याच गटातला बारा वर्षांचा मुलगा म्हणाला, “दुसरा मेंढका असंलच. आपल्याला पण दोन दादा हायेत. एक जण दवाखान्यात गेला, तर एक थांबतो.”

“आणि नसंल तर?”

“तरी तो गेला,” रडणं थांबलेली ती मुलगी पलीकडच्या गटातून म्हणाली. “ते एकटं होतं ना.”

आठ मुलांमागे दोन मोठी माणसं का, असा प्रश्न खर्चाचा हिशेब बघणारे दरवर्षी विचारतात. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या निकषात मुक्कामी शिबिरात नऊ ते चौदा वर्षांच्या आठ मुलांमागे एक पुरेसा धरला आहे. आम्ही दोनच ठेवतो. रात्री कुणाला ताप आला तर एकाला जाता यावं, आणि कुठलंही मोठं माणूस बंद दारामागे मुलासोबत एकटं असू नये. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पोक्सो कायद्यानंतर हे प्रशिक्षणातच शिकवलं जातं आणि मुलांच्या मदतीचा १०९८ हा फोन क्रमांक प्रत्येक खोलीच्या दारावर असतो. ही व्यवस्था मुलांनी न सांगता पाहिली होती आणि त्या अंधारात पवित्र शास्त्र वाचायला वापरली होती. मानधन नाममात्र, पाय सुजलेले, घसा बसलेला. तरी या कामाला पुन्हा पुन्हा यावंसं वाटतं ते अशा संध्याकाळीसाठी. आपण शिकवलेलं मुलांनी पाठ म्हणून दाखवणं चांगलंच आहे, पण त्यांनी आपल्याला न सुचलेला प्रश्न काढणं हा आनंद निराळा.

शेवटचा गडगडाट सव्वासातला झाला, पावणेआठला दारं उघडली. गाद्यांना पावसाची झड लागली होती, म्हणून सगळ्यांना सभागृहातच झोपवलं. मुली एका बाजूला, मुलगे दुसऱ्या. अंथरूण ओलं होण्याची सवय असलेल्या मुलांना साडेदहाला हळूच उठवून नेलं, दोन मोठ्या माणसांनी मिळूनच. त्यांच्या चादरी सकाळी, बाकीची मुलं कवायतीला गेल्यावर बदलतात. कुणाला कळता कामा नये.

त्या धड्याचा कागद आता नव्यानं छापला आहे. साहित्याच्या यादीत फलकाऐवजी ‘चिंचोके, प्रत्येक गटाला ९९’ असं आहे, आणि गोष्टीनंतर दहा मिनिटांची जागा मोकळी सोडली आहे. तिथे एकच ओळ आहे: नव्व्याण्णवांजवळ कोण थांबलं? उत्तर छापलेलं नाही.