सोलापुरात बसून स्की रेसिंगचं हेल्मेट निवडताना

स्की रेसिंगचं हेल्मेट डोक्यावर घालून बघता येईल असं दुकान मला सोलापुरात सापडलं नाही. भाचीसाठी ते बाहेरून मागवायचं होतं, म्हणजे सगळी भिस्त टेपवर आणि लेबलवर. परत पाठवणं शक्य असतं, पण कुरिअर आणि कस्टममध्ये जीव जातो. त्यामुळे मागवण्याआधीच खात्री करून घेतलेली बरी.

सुरुवात लेबलपासून केली. जायंट स्लालम, सुपर-जी आणि डाउनहिल या स्की शर्यतींसाठी कवचावर एफआयएसचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचं, ‘एफआयएस आरएच 2013’ हे न निघणारं लेबल लागतं. साध्या स्की हेल्मेटवर ईएन 1077 (युरोपीय मानक) किंवा एएसटीएम एफ2040 (अमेरिकी मानक) लिहिलेलं असतं. रेसिंगच्या हेल्मेटला ही दोन्ही मानकं पाळावी लागतात, त्यातही ईएन 1077 चा ए वर्ग, आणि वर आणखी एक कडक चाचणी असते. ईएनच्या चाचणीत हेल्मेट सेकंदाला 5.42 मीटर वेगाने ऐरणीवर आदळतात, म्हणजे साधारण दीड मीटरवरून. एफआयएसच्या चाचणीत हाच वेग 6.8 मीटर असतो, म्हणजे जवळपास 2.35 मीटरवरून. वेग पाव पटीनेच वाढलेला दिसतो, पण धक्क्याची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. म्हणून ‘ईएन आहे ना, मग चालेल’ हे चालत नाही. दुचाकीच्या आयएसआय हेल्मेटचा तर इथे विचारच नको. लहान वयोगटांचे नियम वेगळे असू शकतात, ते स्पर्धेच्या परिपत्रकात बघून घ्यावेत.

दुसरी गोष्ट कानांची. मऊ कानाचं हेल्मेट फक्त स्लालममध्ये, म्हणजे जवळजवळ रोवलेल्या खांबांमधून वळत उतरायच्या शर्यतीत, चालतं. बाकी तिन्ही प्रकारांत कवच कानांवरूनही कडकच हवं. स्लालमला कडक कान चालतात, उलट चालत नाही. त्यामुळे दोन प्रकार खेळणाऱ्यांनी कडक कानाचं आणि हनुवटीची दांडी बसवायला भोकं असलेलं एकच हेल्मेट घ्यावं. स्लालममध्ये गेटचे खांब थेट तोंडावर येतात, तिथे दांडी हवीच. सुपर-जी, डाउनहिल अशा वेगाच्या शर्यतींना ती काढून ठेवतात. दांडी त्याच मॉडेलची घ्यावी, दुसरीची भोकं जुळत नाहीत. स्क्रू हादऱ्याने ढिले होतात, रोज सकाळी तपासावेत.

आता माप. बहुतेक चुका इथेच होतात. भुवयांच्या वर साधारण दोन सेंटिमीटर आणि मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग, असा टेपचा फेरा घ्यायचा. शिंप्याकडची जुनी कापडी टेप ताणलेली असते, म्हणून आधी स्टीलच्या पट्टीशी ताडून घेतली. माप तीनदा घेतलं. केस शर्यतीच्या दिवशी जसे बांधणार तसेच बांधून घ्यायचं, कारण उंच अंबाडा घातला की हेल्मेट पुढे सरकतं.

आपल्या सोलापुरात गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात. हेल्मेट तसं घेऊ नये. सैल हेल्मेट पडताना फिरतं आणि कपाळ उघडं पडतं. आत जाड टोपी घालून ते घट्ट करणं हाही इलाज नाही. नवं हेल्मेट थोडं आवळच हवं, आतली गादी वापराने दबते.

आल्यावर पट्टा लावून मान जोरात हलवायला लावली. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. मग मागची कड धरून पुढे ढकललं; निघून आलं असतं तर साइज मोठा. त्यानंतर वीस मिनिटं डोक्यावर ठेवलं. कपाळावर एकाच जागी टोचत असेल तर साइज बरोबर असूनही आकार चुकलेला असतो: डोकं लांबट आणि साचा गोल, किंवा उलट. तिथे गादी कापत बसू नये, मॉडेल बदलावं. (ही परीक्षा सोलापूरच्या एप्रिलमध्ये भर दुपारी घेऊ नका, पोरं पाच मिनिटांत हेल्मेट फेकतात.) गॉगलही त्याच वेळी घालून बघायचा. कपाळाशी फट नको आणि गॉगल नाकावर दाबलाही जायला नको.

आतला फोम एकदा चेपला की परत फुगत नाही. वरून चरा नसला तरी आत मुका मार असू शकतो, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाद करायचं. याच कारणाने जुनं कुणाचं घेतलं नाही. प्रवासात ते चेक-इन सामानात न टाकता हातात ठेवतो. थिनरने पुसणं, रंगवणं बंद. सौम्य साबणाचं पाणी पुरतं.

हंगाम संपला की ते पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उन्हात लावलेल्या गाडीत ठेवत नाही. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा 43 च्या पुढे जातो, बंद गाडीत त्याहून खूप वर, आणि त्या उष्णतेने फोम आणि गोंद दोन्ही खराब होतात. गाद्या काढून वाळवल्या की हेल्मेट कापडी पिशवीत घालून कपाटाच्या खालच्या कप्प्यात जातं.