उपवनचा मंगळवार

घर शोधायला ठाण्यात आले, त्याची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला एजंटाने रविवारी संध्याकाळी उपवनला नेलं आणि मी तिथेच पाघळले. तळ्याभोवती गर्दी, भाजलेली कणसं, फुगेवाले, मागे येऊरचा डोंगर. वन रूम किचनच्या खिडकीतून पाण्याचा एक कोपरा दिसत होता. "एकदम सेफ एरिया मॅडम, बघा ना किती फॅमिली आहेत," एजंट म्हणाला. होत्याच. पण त्या साडेनऊला आपापल्या घरी जाणार, आणि माझी ऐरोलीची शिफ्ट सुटणार साडेदहाला.

म्हणून या वेळी मुद्दाम मंगळवार धरला. नाशिकच्या एसटीने दुपारी खोपटला उतरले, नौपाड्यात मैत्रिणीकडे बॅग टाकली आणि रात्री ऐरोली स्टेशनवर जाऊन बसले. नोकरी लागायच्या आधीच ऑफिस सुटल्याची तालीम! मैत्रीण हसली, पण सोबत ये म्हटल्यावर नको म्हणाली.

लोकलचं काहीच वाटलं नाही. मध्ये एक दिघा, की ठाणे. बायकांच्या डब्यात दाराशी होमगार्ड उभी होती. खरी परीक्षा ठाणे स्टेशनबाहेर, सॅटिसच्या पुलाखाली सुरू झाली. उपवन म्हटल्यावर पहिल्या रिक्षावाल्याने मान हलवली, दुसऱ्याने तेवढंही केलं नाही. तिसरा म्हणाला, "येतो ताई, पण तिकडून रिकामं यावं लागतं." त्याचं काय चुकलं? मला रोज हाच प्रश्न पडणार होता, आणि बाराचा ठोका पडला की सव्वापट भाडं.

तळ्याकाठचे दिवे चालू होते. माणूस मात्र नाही. कणसांच्या गाड्यांवर ताडपत्र्या बांधलेल्या. दोन बाइकवर चार पोरं बसली होती, त्यांनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही, हे सांगायला हवं. भीती त्यांची वाटलीच नाही. भीती वाटली ती मुख्य रस्ता सोडून इमारतीकडे वळल्यावर. दोनशे पावलांची गल्ली, सगळी शटर्स खाली, एक दिवा, तोही मिचमिचणारा. गेटवर वॉचमनची खुर्ची होती, वॉचमन नव्हता. टेबलावर रजिस्टर उघडं पडलं होतं, त्याला सुतळीने पेन बांधलेलं. शेवटची नोंद दुपारी चारची, कुरिअरवाल्याची. मी आत गेले, दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले, उतरले, बाहेर आले. कोणी विचारलं नाही. रिक्षा थांबवून ठेवली होती म्हणून बरं.

नौपाड्यात परतले तेव्हा पावणेबारा झाले होते. पोळीभाजी केंद्रापुढे दोन बायका पातेली घासत होत्या, मेडिकलवाला शटर अर्धं ओढून हिशेब करत होता. मैत्रिणीच्या जिन्यात पाऊल टाकलं, तोच तळमजल्यावरून आवाज आला, "कोणाकडे?" नाव सांगितलं. "तिची नाशिकची मैत्रीण ना? जा." एरवी असल्या चौकशीचा मला मनस्वी राग येतो.

एसटीत वेळ होता म्हणून महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवरचे प्रकाशित एफआयआरही चाळले होते. जिल्ह्याच्या यादीत 'ठाणे शहर' निवडायचं, 'ठाणे ग्रामीण' नाही. मी आधी तीच चूक केली. पण त्यावर फार विसंबू नये. स्टेशन आणि बाजार जवळ असला की मोबाइल नि दुचाक्या जास्त जाणार, म्हणजे गजबजलेला भाग कागदावर वाईटच दिसतो. आणि लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे तिथे टाकतच नाहीत. ज्याची मला धास्ती, नेमकं तेच यादीत नाही.

नौपाड्याची भीती वेगळी. इमारती जुन्या. महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते, त्यात सी-1 म्हणजे अतिधोकादायक, राहण्याजोगी नाहीच. 2013 च्या एप्रिलमध्ये मुंब्र्यात इमारत कोसळून 74 माणसं गेली होती; ती तर नवी, बांधकाम चालू असलेली होती. तेव्हा नुसतं वय बघूनही भागत नाही. मैत्रिणीच्या मागच्या गल्लीतली एक खोली आवडली, तर मी आधी त्या इमारतीचं नाव यादीत शोधलं आणि मग सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, कागद मागितला. सेक्रेटरी काका जरा दुखावले. पण कागद दाखवला.

पाण्याचं कळलं ते इस्त्रीवाल्याकडून. वंदना टॉकीजपाशी पाणी तुंबतं हे सगळ्या ठाण्याला ठाऊक, पण या गल्लीत? तो काही बोलला नाही, मांडणीकडे बोट दाखवलं. वरचे तीन कप्पे घड्या घातलेल्या कपड्यांनी गच्च, खालचा रिकामा. "जून ते सप्टेंबर तिथे काही ठेवत नाही. सव्वीस जुलैला तर दुसराही बुडाला होता."

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. घेतली. भाडं उपवनपेक्षा दोन हजारांनी जास्त, लिफ्ट नाही, खिडकीतून समोरच्यांचं स्वयंपाकघर दिसतं. भाडेकराराच्या नोंदणीबरोबर पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही दिली.

उपवनला अजून जाते, रविवारी. कणीस खायचं आणि गर्दीबरोबर परत फिरायचं.