सोनोरी मोटर्स अपडेट : नीराचं इंजिन २००८ पर्यंत खेचलं

ज्यांनी आधीचे अपडेट वाचले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. गाड्या आणि इंजिनं डिझाइन करायच्या ऑटोमेशन या गेममध्ये मी सोनोरी नावाची काल्पनिक कंपनी चालवतोय, कारखाना चिंचवडला, सुरुवात १९६४, आणि अट एकच, की गाडी बघून ही आपल्याकडे खरंच रस्त्यावर असेल असं वाटलं पाहिजे. सगळं सँडबॉक्समध्ये, म्हणजे नुसत्या मोकळ्या डिझाइनच्या मोडमध्ये चाललंय. कॅम्पेन, म्हणजे कंपनी चालवायचा मोड, १९४६ ते २०२० असं लांबलचक आहे, मजाही येते, पण तिथल्या बाजारपेठा म्हणजे गॅस्मिया, हेटवेसिया, फ्रुइनिया, अर्चना वगैरे (हो, अर्चना नावाचा देश आहे, मलाही पहिल्यांदा हसू आलेलं) आणि तिकडे कारखाना वाढवायला फक्त पैसा लागतो. आपल्याकडे पैसा असला तरी परवाना कुठून आणणार, आणि ही भानगड गेमला कळत नाही. म्हणून एक्सेलमध्ये नियम लिहिलेत, सरकारही मीच आणि कंपनीही मीच.

मुख्य नियम असा की १९९३ ला कारचं लायसन्सिंग उठलं त्याच्या आधी स्वतःहून नवीन प्लॅटफॉर्म (गाडीचा मूळ सांगाडा) काढायचा नाही. बाहेरच्या कंपनीचं जुनं झालेलं टूलिंग (साचे, यंत्रं) आणायचं आणि तेच वापरत बसायचं. खऱ्या इतिहासात हेच झालं ना, फियाट ११०० कुर्ल्याला यायला लागली, मग ती प्रीमियर प्रेसिडेंट झाली, १९७४ पासून पद्मिनी, पण पत्रा जवळजवळ तोच आणि तरी लोक बुकिंग करून वर्षानुवर्षं थांबायचे. त्यामुळे माझ्या नीरा ११०० ला पण तीच शिक्षा. पुढे डबल विशबोन, मागे सॉलिड ॲक्सल आणि लीफ स्प्रिंग, पुढची सीट बेंच म्हणजे तिघं पुढे तिघं मागे. गेममध्ये प्रत्येक भागाचा दर्जा ठरवायचे क्वालिटी स्लायडर बऱ्याच ठिकाणी मायनसमध्ये ठेवलेत, फक्त सस्पेन्शनला थोडा प्लस दिलाय कारण आपले रस्ते.

फेसलिफ्ट करताना मात्र धमाल आली. १९७४ ला फक्त ग्रिल बदललं, ८० च्या दशकात क्रोम काढून काळं प्लॅस्टिक, ९० च्या दशकात गोल हेडलाइट जाऊन चौकोनी, आणि बॉडी एक मिलिमीटर पण हलवली नाही. चारही गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून फोटो काढला तर एकाच घरातली चार भावंडं वाटतात, आणि सगळ्यात धाकट्याला चष्मा लागलाय.

आता इंजिन, कारण खरा वेळ तिथेच गेलाय. नवीन लोकांसाठी सांगतो, गेममध्ये आधी इंजिन फॅमिली (मूळ ब्लॉक) बनवायची असते, तिथे जो बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव) ठरवाल ती मर्यादा, मग व्हेरियंटमध्ये त्याच्या खाली येता येतं, वर जाता येत नाही. म्हणजे १९६४ लाच ठरवायला लागतं की वीस वर्षांनी हा ब्लॉक किती फुगवायचाय. मी फॅमिली ठेवली ७२ बाय ७५ मिलिमीटर, चार सिलिंडर, पुशरॉड (व्हॉल्व्ह दांड्यांनी उघडायची जुनी पद्धत), ब्लॉक आणि हेड दोन्ही कास्ट आयर्न. पहिला व्हेरियंट मुद्दाम ६८ बाय ७५ केला, म्हणजे १०८९ सीसी, ज्यांच्या घरी पद्मिनी होती त्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. सिंगल बॅरल कार्ब्युरेटर, सगळ्यात हलकं लेडेड (शिसं घातलेलं) पेट्रोल, त्यामुळे कॉम्प्रेशन जरा वर नेलं की नॉकिंगची लाल पट्टी हजर. शेवटी कॉम्प्रेशन खाली आणून कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकदम शांत ठेवला. पॉवर ४० एचपीच्या आसपास, पण टॉर्क खालूनच मिळतो, टॅक्सीवाल्याला अजून काय पाहिजे.

१९८५ ला नीरा डिलक्स, पूर्ण ७२ बाय ७५, १२२१ सीसी. १९९५ ला चार महानगरांमध्ये अनलेडेड आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, मग २००० पासून देशभर अनलेडेडच, म्हणून तिथे दोन व्हेरियंट अजून, आणि कार्ब जाऊन मल्टिपॉइंट इंजेक्शन. आणि मग आलं २००६ चं बजेट. छोट्या कारवरची एक्साइज २४ टक्क्यांवरून १६ टक्के, पण लांबी ४००० मिलिमीटरच्या आत पाहिजे आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत. माझं इंजिन १२२१!! २१ सीसीसाठी ८ टक्के टॅक्स. ७२ चा बोअर तसाच ठेवून स्ट्रोक ७५ वरून ७३.५ केला, ११९७ सीसी, काम झालं. दीड मिलिमीटर स्ट्रोकने गाडीची किंमत कुठल्या कुठे खाली आली, म्हणजे माझ्या एक्सेलमध्ये हं, गेमला याची कल्पनाच नाही.

कुणीतरी म्हणणारच की १९६४ चा पुशरॉड ब्लॉक २००८ मध्ये कोण विकेल. अँबेसेडर उत्तरपाऱ्याला २०१४ पर्यंत निघत होती, त्यामुळे मी शांत झोपतो.

लांबीचं मात्र डोकं खाल्लं. २००८ ची नीरा सेडान आहे, बॉडी मॉर्फ करून (ताणून-दाबून आकार बदलून) मागून आत ढकलत ढकलत ३९९० वर आणली. डिकी इतकी तोकडी झाली की मागची काच आणि डिकीचं झाकण यांच्यात जेमतेम वीतभर जागा उरलीय, आणि मॉर्फ केलं की टेललाइटची फिक्स्चर ताणली जातात, एकीकडून बघितलं तर ठीक, दुसऱ्या अँगलने बघितलं की दिवा गालावर ओघळल्यासारखा. गेममधला प्रॅक्टिकॅलिटीचा आकडा पण धपकन पडला. तरी ठेवली, कारण २००८ ला टाटाची इंडिगो सीएस आली ती याच गणितातून आली, आणि पुढे डिझायरची पण डिकी कापलीच की. या गाड्यांना कुरूप म्हणणारे खूप आहेत, पण मला त्या प्रामाणिक वाटतात, टॅक्सचं गणित पत्र्यावर सरळ दिसतं.

सोनोरीची छोटी गाडी कऱ्हा ८००, तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १९८६, तीन सिलिंडर, ७० बाय ६८ म्हणजे ७८५ सीसी, ओव्हरहेड कॅम, इंजिन आडवं, फ्रंट व्हील ड्राइव्ह, तंत्रज्ञान कागदोपत्री जपानी. वजन कमी, सगळे आकडे हिरवे, बनवताना एकदाही कुठे अडलं नाही आणि म्हणूनच कंटाळा आला. फक्त रंग छान सापडलाय, तो फिका निळा.

सोनोरीची भीमा पिकअप अडकलीय. कारण असं की गेममध्ये डिझेल नाही. लॅडर चासी, मागे लीफ स्प्रिंग, सगळं तयार आणि तिच्यात पेट्रोल इंजिन टाकायचं म्हणजे बाजार समितीत कुणी उभं करणार नाही. सध्याचा जुगाड असा की वेगळी फॅमिली, स्ट्रोक बोअरपेक्षा बराच लांब, कॅम प्रोफाइल अगदी तळाला, रेडलाइन ३५०० च्या खाली, सगळं कास्ट आयर्न आणि मागे बॅज 'डी'. टॉर्कचा आलेख दिसायला बराचसा डिझेलसारखा आलाय पण ॲव्हरेज डिझेलच्या जवळपासही नाही, ते मी एक्सेलमध्ये हाताने वाढवून लिहितो. कोणाकडे यापेक्षा बरा उपाय असेल तर सांगा.

भीमा एक्सपोर्ट करून बीमएनजी या ड्रायव्हिंगच्या गेममध्ये पण चालवून बघितली, इटलीच्या मॅपवर घाट आहेत तिथे. रिकामी भीमा उतारावर वळताना मागून उड्या मारते, लीफ स्प्रिंग लोडसाठी कडक केल्यात ना. मागे वजन टाकलं की एकदम बसते, पण मग ड्रम ब्रेक तापतात आणि चौथ्या-पाचव्या वळणाला पेडल दाबून काही होत नाही, गाडी थेट कठड्यावर. पुढे डिस्क लावू शकतो पण १९७८ च्या आपल्या पिकअपला डिस्क मनाला पटत नाही, म्हणून ड्रम मोठे करतोय आणि फायनल ड्राइव्ह (चाकांकडचं शेवटचं गिअर) अजून शॉर्ट, म्हणजे इंजिन ब्रेकिंगवर उतरवता येईल.

पुढच्या अपडेटला भीमाचं लोड टेस्टिंग आणि नीराची टॅक्सी ट्रिम, काळी-पिवळी. तोपर्यंत २००८ वाल्या नीराला बसेल अशी न ताणली जाणारी उभी टेललाइट कुठल्या मॉडमध्ये असेल तर नाव टाका, मी गेमच्या मॉड मिळतात ते वर्कशॉप निम्मं पालथं घातलंय.