जुने मराठी पुस्तक विकिस्रोतावर आणताना: माझा अनुभव

मराठी विकिस्रोतावर, म्हणजे स्वयंसेवक जुन्या पुस्तकांच्या स्कॅनशेजारी त्यांचा मजकूर तपासून सर्वांसाठी खुला ठेवतात त्या संकेतस्थळावर, पुस्तक आणायचे म्हटले की लोकांना आधी स्कॅनर आठवतो. मी आधी लेखकाचे निधनवर्ष पाहतो. भारतीय कायद्यानुसार, लेखक ज्या वर्षी गेला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे स्वामित्वहक्क (कॉपीराइट) टिकतात. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, म्हणून त्यांचे लेखन भारतात १ जानेवारी २०११ पासून मुक्त झाले. हा हिशेब सोपा आहे. फसगत होते ती नंतरच्या आवृत्तीत घुसलेल्या गोष्टींमुळे: दुसऱ्या कोणाची प्रस्तावना, संपादकाच्या टिपा, मुखपृष्ठावरचे चित्र. त्यांचे हक्क वेगळे असतात. म्हणून शक्यतो लेखकाच्या हयातीतलीच आवृत्ती धरावी. फाइल कॉमन्सवर (विकिमीडियाच्या चित्रे-फाइलींच्या सामायिक साठ्यात) ठेवायची तर पुस्तक अमेरिकेतही मुक्त असावे लागते. १९४० नंतर वारलेल्या लेखकाचे पुस्तक त्यामुळे भारतात मुक्त असूनही तिथे अडू शकते.

स्कॅन ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके), रंगीत किंवा करड्या छटांचा हवा. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात अनुस्वाराचे टिंब आणि कागदावरचा डाग सारखेच दिसतात, आणि जुन्या मराठीत तर टिंबांचा सुकाळ. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे जुने स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवर आयते मिळतात. पण त्यांत पाने गळलेली, दोनदा आलेली किंवा कडेला कापलेली असू शकतात.

फाइल चढवण्यापूर्वी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत छापील क्रमांक जुळवून पाहावेत. कंटाळवाणे काम आहे, पण टाळू नये. विकिस्रोतात प्रत्येक पानाचा मजकूर फाइलमधल्या त्या पानाच्या क्रमांकाला बांधलेला असतो. शंभर पाने तपासून झाल्यावर ४१वे पान गळाल्याचे कळले आणि ते मध्ये घातले, की पुढचा सगळा मजकूर एकेक घर सरकतो. मग प्रचालकाला (जादा अधिकार असलेल्या सदस्याला) किंवा बॉटला (आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रॅमला) पाने हलवत बसावे लागते, आणि तोवर स्वयंसेवकांना चित्र एक आणि मजकूर भलताच दिसतो.

फाइल चढली की अनुक्रमणिका पान, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या पानांची यादी दाखवणारे पान, तयार करायचे. मुखपृष्ठ, कोरी पाने आणि प्रस्तावनेची पाने वेगळी दाखवून छापील क्रमांक १ कुठून सुरू होतो ते तिथे सांगावे लागते. मग ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे यंत्राकडून ओळखून मजकूर बनवणे. संपादन खिडकीतल्या बटणातूनच गूगलचे किंवा टेसरॅक्टचे इंजिन निवडता येते. एकाच पानावर दोन्ही चालवून पाहावीत आणि त्या पुस्तकाच्या छपाईच्या खिळ्यांना (अक्षरवळणाला) जे मानवेल ते ठेवावे.

ओसीआरच्या ढोबळ चुका डोळ्यांना लगेच टोचतात. त्रास होतो तो अर्थपूर्ण चुकांचा. ‘घन’चे ‘धन’, ‘भला’चे ‘मला’. दोन्ही शब्द खरे, त्यामुळे शुद्धलेखन तपासनीस गप्प बसतो. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द जोडायचा राहतो, दंड आणि काना यांची अदलाबदल होते. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होणे तर नेहमीचेच. हा चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: खाली टिंब असलेल्या ऱ-ला हलंत देऊन, किंवा साध्या र-ला हलंत देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण शोध घेताना एक सापडते आणि दुसरे निसटते. पूर्ण पुस्तकासाठी एकच तऱ्हा ठरवावी.

वादाचा मुद्दा मात्र जुन्या लेखनाचा. १९६२च्या मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘मुळें’ असेच छापलेले असते. उत्साही स्वयंसेवक, त्यातही भाषेचे शिक्षक, ती टिंबे ‘चूक’ म्हणून पुसतात. अभ्यासकाला त्या काळचे लेखन जसेच्या तसे हवे असते. सुधारलेली प्रत त्याच्या उपयोगाची नाही. म्हणून ‘जसे छापले तसे’ हा नियम आणि दोन-तीन नमुना पाने अनुक्रमणिकेच्या चर्चा पानावर पहिल्याच दिवशी लावून ठेवावीत. उघड मुद्रणदोषही परस्पर दुरुस्त करू नयेत. मूळ शब्द ठेवून दुरुस्ती दाखवणारा साचा (टेम्प्लेट) वापरावा.

महाविद्यालयात कार्यशाळा घ्यायची असेल तर एक खाचखळगा माहीत हवा: एका आयपी पत्त्यावरून (म्हणजे एकाच इंटरनेट जोडणीवरून) दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. वर्गातल्या एकाच वायफायवर सातव्या विद्यार्थ्यापासून सगळे अडकतात. मुलांना घरून खाते उघडून यायला सांगावे किंवा आधी सूट मागून ठेवावी. खात्याशिवाय पानाची स्थिती, म्हणजे ते कितपत तपासून झाले याची खूण, बदलताच येत नाही.

या स्थितीचे पाच रंग आहेत. करडा म्हणजे मजकूर नसलेले पान, लाल म्हणजे न तपासलेले, जांभळा म्हणजे अडचणीचे (तक्ता, चित्र, फाटका कोपरा), पिवळा म्हणजे एकदा तपासलेले आणि हिरवा म्हणजे प्रमाणित. पिवळे करणाऱ्यालाच तेच पान हिरवे करता येत नाही. दुसरी व्यक्ती लागते. स्पर्धा पानांच्या संख्येवर ठेवली तर लालाची पिवळी भराभर होतात, न वाचताही होतात, आणि हिरवे करायला कोणी उरत नाही. दुसऱ्यांदा वाचणे हे काम निरस वाटते, त्यात श्रेय कमी, म्हणून तिथेच पुस्तके वर्षानुवर्षे खोळंबतात. त्यावर मला पटलेला उपाय म्हणजे जोड्या लावणे: एकमेकांची पाने त्याच आठवड्यात तपासायची. चुकांची पद्धत लवकर कळते, आणि पिवळे करणाराही जपून वाचतो, कारण पुढचा वाचक ओळखीचा असतो. पहिल्या बैठकीला प्रत्येकी पाच पाने पुरेत. तक्ते आणि पानभर तळटिपा नवख्याच्या वाट्याला देऊ नयेत.

शेवटी सुटी पाने जोडून प्रकरणे करायची. पानाच्या मध्येच एक प्रकरण संपून दुसरे सुरू होत असेल तर तिथे विभागाच्या खुणा घालाव्या लागतात, नाहीतर तोच मजकूर दोन्हीकडे येतो. वरचा पृष्ठक्रमांक आणि पुस्तकाचे नाव पानाच्या शीर्षभागाच्या चौकटीतच ठेवावे; मजकुरात राहिले तर प्रकरणात दर पानागणिक मध्येच उगवते. तळटीप पुढच्या पानावर वाहत गेली असेल तर तिच्या दोन तुकड्यांना एकच नाव देऊन जोडावे. हे सगळे एका प्रकरणावर करून पाहावे, आणि ते नीट दिसले की मगच बाकीची लावावीत.