‘ताई, आय-७ घेऊ का?’

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच म्हणून, आता एकदा सविस्तर सांगते. घरच्या लॅपटॉपला इंटेलचा आय-५ प्रोसेसर (कॉम्प्युटरचा मेंदू म्हणा) पुरेल की त्याच्या वरचा, महागातला आय-७ घ्यावा? मी ‘त्यांच्या खालचा आय-३ सुद्धा पुरेल’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. वाटतं, हिला कळत नाही, नाहीतर आपल्याला कमी लेखतेय. दोन्ही खरं नाही. मेल, बँक, यूट्यूब, मुलांचे क्लास, थोडं एक्सेल एवढ्याने प्रोसेसर दमत नाही. व्हिडिओ एडिटिंग आणि गेमिंगवाल्यांचं वेगळं. त्यांच्याबद्दल मी बोलत नाही.

मी एवढी चिडून का बोलते, त्याला २०२० सालचं एक कारण आहे. आमच्या इमारतीत डबे करून देणाऱ्या वहिनी आहेत. मुलाच्या ऑनलाइन कॉलेजसाठी त्यांनी हप्त्यावर लॅपटॉप घेतला होता: आय-३ ७०२०यू, ४ जीबी रॅम (चालू कामापुरती तात्पुरती जागा), १ टीबी हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबायचं आणि पोळ्या लाटून होईपर्यंत वाट बघायची. परीक्षेच्या दिवशी पेपरचं पानच उघडेना. उघडलं तेव्हा फार थोडा वेळ उरला होता, आणि अर्धी उत्तरं लिहायची राहिली. पोरगा खोलीचं दार लावून बसला. त्याने अभ्यास केला होता, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. वहिनी माझ्याकडे आल्या त्या दुसऱ्या कर्जाचं विचारायला. दुकानदार म्हणाला होता, ‘आय-३ मध्ये असंच होणार, आय-७ घ्या.’ पहिल्याचे हप्ते अजून चालू होते.

मी त्यांना टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता भाग किती राबतोय ते सांगणारी विंडोजची खिडकी, उघडून दाखवला. डिस्क १०० टक्के, प्रोसेसर जवळजवळ रिकामा. ४ जीबीतला मोठा वाटा विंडोजच घेतं. ब्राउझर आणि मीटिंग उघडली की उरलेली रॅम संपते, आणि न मावणारं सगळं डिस्कवर ठेवणं-काढणं सुरू होतं. फिरत्या तबकडीच्या डिस्कला इकडेतिकडे विखुरलेले तुकडे सेकंदाला शंभर-दीडशेच वाचता येतात, एसएसडीला, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कला, हजारो. तोवर प्रोसेसर नुसता थांबून राहतो. आय-७ असता तर तोही थांबला असता. मी २४० जीबीची एसएसडी बसवली, रॅमची एक पट्टी वाढवली. नव्या लॅपटॉपच्या पाव किमतीतही ते भागलं. तो विषय मात्र मुलाला पुन्हा द्यावा लागला. त्या दुकानदाराचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्याआधी मीसुद्धा सांगायचे, ‘झेपेल तेवढं मोठं घ्या, पुढे बघायला नको.’ त्यानंतर सांगू लागले, ‘आहे तेच नीट करा.’ मग १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ साठी मान्य असलेल्या प्रोसेसरांच्या यादीत इंटेलची सातवी पिढी, एखाद-दुसरा अपवाद सोडला, तर नाहीच. वहिनींचा लॅपटॉप सातव्या पिढीचा. माझं जुनं मत तेव्हा पुन्हा डोकं वर काढू लागलं: तेव्हाच महागातला घ्यायला लावला असता तर? पण २०१७ चा, त्याच सातव्या पिढीतला चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा भाग) आय-७ ७७०० त्या यादीत नाही, आणि त्याच्यापुढे कुठेच न टिकणारा दोन कोअरचा सेलेरॉन एन४००० आहे. मग ताकदीसाठी जादा पैसे मोजणाऱ्याला काय मिळालं? तरीही ‘आहे तेच नीट करा’ हे मी आता पूर्वीच्या ठामपणे म्हणू शकत नाही.

आज नवा घेत असाल तर १६ जीबी रॅम आणि एसएसडी बघा, आणि रॅम बोर्डवरच जोडलेली आहे की पुढे वाढवता येईल, हे दुकानात विचारा. प्रोसेसर मधल्या दर्जाचा चालेल.

वहिनींच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून द्यायला मी तयार आहे. तो त्यावर छान चालेल. पण मुलगा आता अकाउंटंटकडे लागलाय, टॅलीचं काम घरी आणतो, त्याला विंडोजच हवं. सध्या वर्षभराचे जादा सुरक्षा अपडेट घेतलेत, ते ऑक्टोबर २०२६ पर्यंत. वहिनींचं म्हणणं, चालणारी वस्तू टाकायची नाही. मुलगा म्हणतो, नवा घेऊ. मी अजून कुणाच्याच बाजूने बोललेले नाही.