अर्धं हळकुंड

आमच्या घरात मांजर पिवळं आलं आणि आठ दिवसांत पांढरं झालं.

आजोबा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर दिवाणजी होते. २००९ चा मार्च, सौदे जोरात. गोदामात बारदानांच्या थप्पीमागं सापडलेलं पिल्लू त्यांनी भाजीच्या पिशवीतून घरी आणलं. हळद लागलेल्या नवरीसारखं ते नखशिखांत पिवळं होतं. पिशवीतून बाहेर पडल्या पडल्या शेपूट ताठ करून ते थेट दुधाच्या पातेल्याकडं निघालं. आजी म्हणाली, "तोरा बघा! अर्ध्या हळकुंडानं पिवळं झालंय." झालं, नाव ठरलं: हळकुंड. पुढं लाडानं हळकू. स्वतःला चाटून चाटून ती आठवड्यात पांढरीशुभ्र झाली. कानामागचा अंगठ्याएवढा डाग तेवढा राहिला, तो जन्माचाच होता.

मी तेव्हा सातवीत होते. गावभागातलं आमचं घर जुनं, कौलारू, वर माळा, मागं परसात पारिजातक. हळकूनं पहिल्या महिन्यात माळ्याचा ताबा घेतला. दिवसातून वीस वेळा ती प्रत्येकाला आडवी जायची, त्यामुळे आमच्या घरातली ती एक अंधश्रद्धा तरी आपोआप मिटली. बाबा म्हणायचे, हिला मानायचं तर मला रिटायर होईपर्यंत उंबऱ्यातच उभं राहावं लागेल.

तिला बासुंदी फार प्रिय होती. मांजराला गोड चव कळतच नाही, जिभेवर त्याची सोयच नसते, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. म्हणजे ती नुसत्या सायीवर डोळा ठेवून होती आणि आम्ही उगाच साखरेचं कौतुक करत बसलो होतो.

या बासुंदीपायीच एकदा तिला हद्दपारी झाली. दसऱ्याला पाहुणे यायच्या आधी तिनं पातेल्यात तोंड घातलं. आजोबा चिडले, तिला पोत्यात घातलं, आयर्विन पूल ओलांडून पलीकडं सांगलीवाडीत सोडून आले. पोत्यात घालायचं ते रस्ता दिसू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी पहाटे माळ्यावरून धप्प आवाज आला. हळकू खाली उतरली, आजोबांकडं पाहिलंसुद्धा नाही, सरळ चुलीपाशी जाऊन बसली. तो पूल १९२९ साली माणसांसाठी बांधला होता, पण तिनं त्याचा तेवढ्याच हक्कानं वापर केला. आजोबांनी त्या दिवशी मुकाट्यानं अर्धा लिटर जास्तीचं दूध आणलं.

आजीला यात काही नवल वाटलं नाही. "कुत्रं माणसाचं असतंय, मांजर घराचं असतंय," ती म्हणाली. "ते काय आपल्यासाठी आलंय व्हय? माळ्यासाठी आलंय." हे वाक्य मी तिच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. मला पटायचं नाही. मोठी झालेली मांजरं एकमेकांशी फारसं म्यांव करत नाहीत, त्यांचं म्यांव बहुतेक माणसांसाठीच राखलेलं असतं, हे मी कॉलेजात असताना तिला मोठ्या हौशीनं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "मग? दुधाची बुडकुली माणसाच्याच हातात असती की," म्हणाली. यावर काय बोलणार? २०१५ ला आजोबा गेले तेव्हा हळकू त्यांच्या पलंगावरून उठून आजीच्या गोधडीवर झोपायला लागली, तेही आजीनं "तिथं ऊन येतंय" एवढ्यावरच मिटवलं.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. पावसाळ्यात सांगलीत कुणी कुणाला खुशाली विचारत नाही, "आयर्विनला किती फूट?" विचारतात. पंचेचाळीस ही धोक्याची पातळी. २००५ ला पाणी आमच्या पायरीला लागून परत गेलं होतं, त्यामुळे आजीचा पायरीवर विश्वास. "कृष्णामाई पायरी ओलांडायची नाही," म्हणत ती हलायला तयार नव्हती. त्या वर्षी पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेलं. बोट दाराशी आली तेव्हा आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे होतो, आजीला बाबांनी उचलून घेतलं होतं. हळकूसाठी मी द्राक्षाचे दोन क्रेट एकावर एक बांधून ठेवले होते. ती माळ्यावर, आढ्याच्या टोकाला. हाका मारल्या, डबा वाजवला. तिनं खाली पाण्याकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. बोटीवरची मुलं घाई करत होती. मी दशम्यांचं फडकं माळ्यावर फेकलं. बोटीतून आजी एकच वाक्य बोलली: "म्हटलं नव्हतं?"

ते दिवस मी फार लिहीत नाही. ज्यांनी पाहिलेत त्यांना तो चिखलाचा वास आठवायला माझी गरज नाही. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तेव्हा ती होती. हाडं मोजता येतील एवढी वाळलेली. फडक्याच्या चिंध्या झालेल्या. आणि हो, पुन्हा पिवळी! पण या वेळी चिखलानं.

घराची मागची भिंत खचली होती. विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं फ्लॅट घेतला. तात्पुरता म्हणून घेतला तो कायमचा झाला. हळकूला क्रेटमधून नेताना आजी म्हणाली, "कशाला उगीच नेता? चार दिवसांत परत जाईल ते." मलाही तीच धास्ती. वाटेत स्टेशन चौकासारखी गर्दी. मी पंधरा दिवस दारं-खिडक्या लावून ठेवल्या.

हळकूनं दोन दिवसांत फ्लॅट पाहून घेतला. तिसऱ्या दिवशी आजीच्या ट्रंकेवरची गोधडी पायांनी मळली, गोल झाली आणि झोपली. त्या ट्रंकेवर ऊन यायचं नाही. सोळाव्या दिवशी मी दार उघडं ठेवलं. ती उंबऱ्यापर्यंत गेली, लिफ्टचा आवाज ऐकला, परत आली.

रमली नाही ती आजी. रोज संध्याकाळी दिवा लावला की विचारायची, "घरी कधी जायचं?" बाबा म्हणायचे, भिंत व्हायचीय अजून. मग ती मांजराला बोलायची, "तुला काही वाटत नाही गं? खुशाल विसरलीस?" हळकू तिच्या मांडीवरच असायची. खरं तर आजी उठून दुसऱ्या खोलीत गेली की तीही उठून जायची. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं. कुणी काही म्हणालं नाही. तिची शंभर वेळा म्हटलेली ओळ आम्ही कोणत्या तोंडानं खोडायची?

२०२२ च्या डिसेंबरात, थंडीत, हळकू त्याच गोधडीवर गेली. तेरा-चौदा वर्षं म्हणजे मांजराच्या मानानं पुरतं म्हातारपण. तिसऱ्या मजल्यावर माती कुठली? बाबा म्हणाले, परसात नेऊ. आजी म्हणाली, मीपण येणार. पुरानंतर ती एकदाही तिकडं गेली नव्हती, भिंत झाल्याशिवाय पाऊल टाकणार नाही म्हणून हटून बसली होती.

पारिजातकाखाली बाबांनी खड्डा केला, खाली मीठ पसरलं. आजी वाकून गोधडीचं टोक नीट करत होती. मग ती घरात गेली. भिंतीवर पाण्याची रेघ अजून होती, तिच्या खांद्याच्या जरा खाली. तिनं माळ्याकडं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाबा हात धुऊन आले, तशी ती पदर सावरत म्हणाली,

"चला, दिवेलागण झाली. घरी जाऊ."

आणि रिक्षावाल्याला विश्रामबागेचा पत्ता तिनंच सांगितला.